बिनलेबलची पांढरी डबी

मी पतसंस्थेत काउंटरवर बसते. दिवसातनं पन्नास जणांना तरी "पावती घेऊन जावा" म्हणून मागनं हाक मारते. आणि त्याच मी एकवीस हजार रुपये मोजले, पण कागदाचं एक चिटोरं मागितलं नाही. 'एवढी कशी गं बावळट' असं वाचताना वाटलं तर वाटू द्या, मलाही वाटतं.

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडं स्थळांची ये-जा सुरू होते. बायोडेटात 'वर्ण' असा एक रकाना असतो, त्यात मामानं 'निमगोरा' लिहिलं होतं. मी सावळी आहे, त्यात निम वगैरे काही नाही. इचलकरंजीचं एक स्थळ बघून गेलं आणि मध्यस्थ बाईंचा आईला फोन आला, "पोरगी चांगली हाय वो, पण फोटोपरीस रंगानं दबलीया." फोटो स्टुडिओवाल्यानं न सांगताच उजळवला होता. १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'नं २०२० मध्ये नावातनं 'फेअर' काढलं, पण बायोडेटातला रकाना आहे तिथंच आहे.

त्याच आठवड्यात मोबाईलवर जाहिरात दिसली. राजारामपुरीतलं 'हर्बल' स्किन सेंटर, पहिली तपासणी मोफत. जिना चढून गेले. पांढरा कोट घातलेल्या मॅडम होत्या. त्या डॉक्टर आहेत असं कुणी म्हणालं नाही, मीही विचारलं नाही. कोट बघून मीच ठरवून टाकलं.

त्यांनी मला 'गोरं करतो' असं एकदाही म्हटलं नाही, हे नीट ऐका. माझ्या कुर्त्याची बाही वर सरकवली, दंडाची आतली बाजू आरशासमोर धरली आणि म्हणाल्या, "हा बघा तुमचा मूळ रंग. चेहऱ्यावर नुसता टॅन बसलाय. घरात कुणी गोरं हाय काय?" आत्या गोरी आहे. "मग? तुमचंच हाय ते, आम्ही फक्त बाहेर काढणार." दंडाची आतली बाजू सगळ्यांचीच उजळ असते आणि गोरी आत्या नसलेलं घर कोल्हापुरात शोधून सापडायचं नाही. पण त्या वेळी मला वाटलं, माझं काहीतरी हरवलंय आणि ते या बाईंना दिसलंय.

पॅकेज अठरा हजारांचं, तीन हप्त्यांत. क्रीमची डबी वेगळी, साडेसातशेला एक. अशा चार घेतल्या. पैसे प्रत्येक वेळी मोबाईलवरनं, कुणा तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर. डबी म्हणजे पेढ्याएवढी पांढरी प्लास्टिकची, त्यावर पेनानं 'रात्री' लिहिलेलं. बाकी कोरी. आतलं क्रीम फिकट पिवळं, वास गुलाबपाण्याचा.

आणि खरी गोम अशी की ते लागू पडलं. तिसऱ्या आठवड्यात चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसायला लागला. ऑफिसातल्या वहिनी म्हणाल्या, "काय गं, लग्न ठरलं काय?" मी एवढी हवेत गेले की उचगावच्या मावसबहिणीला स्वतः गाडीवर बसवून तिथं घेऊन गेले. ती तेव्हा वीस वर्षांची होती. तिला रंगाचं काही पडलेलंच नव्हतं. मीच तिला बाही वर करायला लावली.

मार्चमध्ये एका लग्नाला चार दिवस गावी गेले आणि डबी घरी राहिली. दुसऱ्या दिवशी गाल लाल झाले, तिसऱ्या दिवशी आग. परत आल्यावर भाकरी फुगेपर्यंतही तव्यापुढं उभं राहवेना. हनुवटीवर पुटकुळ्या, गालावर लव. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "विष बाहेर पडालंय, डबी बंद करू नका." लावली की दोन तासांत थंड, म्हणजे त्यांचंच खरं वाटायचं. अशी आणखी दीड महिना लावली.

त्या दिवसांत मी काय होते ते सांगायला जरा लाज वाटते. ॲक्टिव्हाचा आरसा मुद्दाम खाली वळवून ठेवायची. मैत्रिणीच्या हळदीला ताप आला म्हणून सांगितलं. उन्हाळ्यात कोल्हापुरातली प्रत्येक पोरगी डोळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळते, त्यामुळं कुणाला संशय आला नाही. काउंटरवर मास्क. रात्री तीन-तीनला उठून बाथरूममध्ये गाल बघायची. सावळी होते तेव्हा मी हे कधी केलं नव्हतं.

शेवटी आईनं ओढत त्वचारोगतज्ज्ञांकडं नेलं. त्यांनी डबी हुंगलीही नाही, चेहराच बघितला. म्हणाल्या, आत नक्की काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण हा चेहरा स्टेरॉइडचा आहे. स्टेरॉइड लावलं की रक्तवाहिन्या आक्रसतात, त्वचा काही दिवस उजळ दिसते, मग पातळ होत जाते. सोडलं की सगळं उसळून वर येतं. त्यात हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन ही औषधं घालून केलेलं मिश्रण वांगासाठी डॉक्टर ठरावीक दिवसांपुरतं देतात. गोरं व्हायला म्हणून कुणी महिनोन्‌महिने चोपडायची ती गोष्ट नाही. २०१८ पासून असली स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्यांनी लघवीही तपासून घेतली, कारण अशा डब्यांत पाराही निघतो आणि तो मूत्रपिंडाला बाधतो. केरळात मलप्पुरमला २०२३ मध्ये अशी माणसं सापडली होती. माझी तपासणी ठीक आली. मग त्यांनी झोपेबद्दल विचारलं आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा नुसती रडले.

पैसे मागायला गेले तर मॅडम म्हणाल्या, "बिल दाखवा." बिल कुठलं असणार?

माझ्यासारखं कुणाचं झालं असेल तर डबी फेकू नका, मी फेकणार होते. सौंदर्यप्रसाधनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत छापलेली असावीच लागते. त्यामुळं ती कोरी डबी हाच पुरावा. बँकेचे व्यवहार, व्हॉट्सॲपवरचं 'विष बाहेर पडालंय', हप्त्यांच्या आठवणीचे मेसेज, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावला, डबीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडं दिली. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, हेही तेव्हाच कळलं. आमच्या पतसंस्थेचे वकील फुकटात अर्ज लिहून देतो म्हणाले, "पण पावती घ्यायची नाही व्हय गं?" हेही म्हणालेच.

त्यांच्या मते एकीपेक्षा दोघींचा अर्ज बळकट. उचगावला जाऊन आले. मावशीनं चहा दिला, बहीण आतल्या खोलीतनं बाहेर आली नाही. दाराबाहेरनं बोलले, सगळं सांगितलं, डॉक्टरांचं नाव-पत्ता कागदावर लिहून दाराच्या फटीतनं आत सरकवला. कागद आत ओढून घेतला तिनं. सहीचं अजून काही बोललेली नाही.