आधी डेटा पाठवा, नावांचं नंतर बघू

यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, हे नवीन नाही. मी तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि विहिरी, हातपंप यांचे नमुने तपासणं हे माझं अनेक वर्षांचं काम. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्यावरचे आकडे असलेली गावं माझ्या वहीत होती. उन्हाळ्यातले आकडे वेगळे, पावसाळ्यानंतरचे वेगळे.

एका परिषदेत मोठ्या विद्यापीठातले एक प्राध्यापक भेटले. "मॅडम, हा डेटा सोन्यासारखा आहे. आमच्याकडे उपकरणं आहेत, मुलं आहेत, चांगल्या जर्नलला, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकाला, पाठवू. फर्स्ट ऑथर तुम्हीच." हे जेवणाच्या रांगेत ठरलं. नंतर फोनवर दोनदा तेच. लेखी मात्र काहीच नाही. मी मेलवर विचारलं की उत्तर फोनने यायचं: "अहो, आपण घरचेच ना? आधी एक्सेल पाठवा, नावांचं नंतर बघू."

आता वाटतं, खरी खेळी हीच होती. माणूस सगळं बोलतो आणि अक्षरही लिहीत नाही, तेव्हा तो विसराळू नसतो.

एक्सेल गेलं. मग नकाशे हवेत, मग नमुने घेण्याची पद्धत लिहून द्या (काचेच्या बाटल्या का वापरल्या नाहीत, हेही मीच लिहिलं, फ्लोराइडची काचेशी प्रक्रिया होते). मग फोन कमी झाले. पेपर छापून आला तो एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवलेल्या लिंकवरून कळला. सहा नावं, माझं पाचवं. पहिलं त्यांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचं, करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे सगळ्यांच्या वतीने जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक, ते स्वतः. दोन नावं मी आयुष्यात ऐकलेली नव्हती. पाण्याचा एकही नमुना न उचललेली माणसं माझ्या पुढे बसली होती.

बाहेरच्यांना वाटतं, क्रमाने काय फरक पडतो? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत विज्ञान शाखेच्या एका पेपरला ८ गुण आहेत. दोनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्याला किंवा करस्पाँडिंग ऑथरला त्यातले ७० टक्के, बाकी प्रत्येकाला ३० टक्के. म्हणजे ५.६ आणि २.४. इम्पॅक्ट फॅक्टरचं, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा इतरत्र सरासरी किती उल्लेख होतो त्या आकड्याचं, गणित वेगळंच. पदोन्नतीच्या फाइलवर हा फरक दिसतो.

संपादकांना मेल केला, तेव्हा अजून एक गोष्ट बाहेर आली. त्यांचं म्हणणं, सबमिशनच्या वेळी सगळ्या लेखकांना संमतीची मेल गेली होती, माझ्याकडूनही होकार आला होता. पत्ता विचारला, तर माझ्या नावाने कुणीतरी काढलेला जीमेल. कॉलेजचा माझा पत्ता त्या प्राध्यापकांना चांगला माहीत होता, त्यावरच तर एक्सेल मागत होते.

पुढे संपादकांनी हात वर केले, आणि त्यात त्यांचं फार चुकलंही नाही. कोण लेखक आणि कोण नाही, हा वाद जर्नल सोडवत नाही. प्रकाशन-नीतीसाठी १९९७ पासून काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेचा सल्लाही हाच: तो निवाडा लेखकांच्या संस्थेने करायचा. आणि संस्था म्हणजे कोण, तर त्याच सरांचं विद्यापीठ. तिथे समिती आहे, समितीत सरांचे सहकारी आहेत. माझा अर्ज तिथे पोचल्याची पोच आहे, पुढे काही नाही.

त्या दोन अनोळखी नावांबद्दल मला शंका आहे, पुरावा नाही. टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर पेपरमधल्या जागा विकायच्या जाहिराती उघड फिरतात, पहिल्या जागेचा दर वेगळा, चौथ्याचा वेगळा. पण वशिल्याने घातलेलं नावही असू शकतं. वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांच्या 'आयसीएमजेई' या समितीच्या नियमांत लेखक होण्याच्या चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा तपासणं, अंतिम प्रतीला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही हव्यात. नुसता निधी आणला किंवा विभागप्रमुख आहात म्हणून नाव येत नाही. आपल्याकडे हे वाचून दाखवलं तर लोक हसतात.

बरीच जर्नल्स आता 'क्रेडिट' नावाची १४ कामांची यादी मागतात: कल्पना कुणाची, डेटा कुणी गोळा केला, विश्लेषण कुणाचं, लेखन कुणाचं. ती छापायच्या वेळी भरली तर करस्पाँडिंग ऑथर सांगेल ते खरं. काम सुरू व्हायच्या आधी ती भरून घ्या. मी आता तेच करते. कोणी एकत्र पेपर करू म्हटलं की त्याच संध्याकाळी मेल जातो: "आज बोलल्याप्रमाणे नमुने व तपासणी माझी, विश्लेषण आपलं, पहिलं नाव माझं. नवीन नाव घालायचं तर सगळ्यांची लेखी संमती. सबमिशनला माझा हाच पत्ता वापरावा. आपला होकार याच मेलवर कळवावा, मग डेटा पाठवते." डेटा हातात असेपर्यंतच या मेलला उत्तर येतं. एकदा फाइल गेली की कुणाला घाई नसते.

मध्यंतरी एका सरांना असा मेल पाठवला. फोन आला, "मॅडम, इतका अविश्वास?" म्हटलं, सर, हेच मेलवर लिहा ना. ते अजून लिहिलेलं नाही. पावसाळ्यानंतरचे आकडे माझ्याकडेच आहेत.