नेब्रास्काच्या 43व्या मतदारसंघातलं टपाली मतदान: सोय चांगली, पण शेवटचा आठवडा टपालावर सोडू नका

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळाचा 43वा मतदारसंघ म्हणजे सँडहिल्सचा मुलूख: वाळूच्या टेकड्या, त्यांवर गवत, गवतावर गुरं. यातली एकटी चेरी काउंटी (काउंटी म्हणजे राज्याखालचा जिल्ह्यासारखा विभाग) जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढी आहे, आणि 2020 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या साडेपाच हजारांच्या आत भरली. राज्यात 49 मतदारसंघ, प्रत्येकात चाळीस हजारांच्या आसपास माणसं हवीत. ओमाहा शहरात तेवढी माणसं चार वस्त्यांत सापडतात. इथे काउंटीला काउंटी जोडत जावं लागतं. अशा भागात मतपत्रिका घरी येणं किती मोलाचं आहे, हे वेगळं सांगायला नको. सेवा म्हणून तिची मांडणी चांगली आहे. अडतं ते परतीच्या प्रवासात.

मतपत्रिका घरी येण्याचे दोन मार्ग आहेत आणि पहिला घोळ इथेच होतो. 10,000 पेक्षा कमी वस्तीच्या काउंटीचा क्लार्क, म्हणजे तिथल्या निवडणुकीचं काम पाहणारा अधिकारी, राज्याकडे अर्ज करून सगळ्या किंवा काही केंद्रांचं मतदान पूर्णपणे टपालाने घेऊ शकतो. तुमचं केंद्र त्यात असेल तर काहीही न मागता मतपत्रिका टपालाने येते. नसेल तर अर्ज करावा लागतो, आणि तो मतदानाआधीच्या दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी 6 पर्यंत काउंटीच्या कचेरीत पोचावा लागतो. मागच्या खेपेला मतपत्रिका घरी आली होती म्हणून याही खेपेला येईल, असं धरून बसू नका. शेजारच्या काउंटीतल्या भावाकडे आपोआप येते म्हणून आपल्याकडेही येईल, असंही नाही. आपलं केंद्र कोणत्या प्रकारात मोडतं, हे क्लार्कच्या कचेरीत एक फोन करून विचारून घ्या.

पूर्ण टपाली पद्धतीचा गुण आकड्यांत दिसतो. दक्षिणेकडच्या गार्डन काउंटीने मे 2018 च्या प्राथमिक फेरीत (नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीचे उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) ती राज्यात सर्वात आधी सरसकट वापरली. राज्याचं मतदान 24 टक्क्यांच्या आसपास रेंगाळलं, तिथे 58 टक्क्यांच्या वर गेलं.

आता खुद्द मतपत्रिका. या सेवेचा सगळ्यात चांगला भाग आमच्या मते हाच. नेब्रास्काचं विधिमंडळ एकगृही आणि पक्षविरहित आहे. 1934 मध्ये मतदारांनी तसा कौल दिला आणि 1937 पासून ते तसंच चालतं. सदस्यांना सिनेटर म्हणतात, पण मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्ष नसतो. मे महिन्यातल्या फेरीत सगळे उमेदवार एकाच यादीत असतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरला जातात. इतर अनेक राज्यांत अशा एकतर्फी ग्रामीण जागेचा निकाल एकाच पक्षाच्या प्राथमिक फेरीत लागून जातो आणि नोव्हेंबरला नावापुरतं मतदान उरतं. इथे 2020 साली टॉम ब्रूअर आणि तान्या स्टोरर हे दोघेही रिपब्लिकन, पण लढत नोव्हेंबरपर्यंत टिकली आणि निर्णय सगळ्या मतदारांनी मिळून केला. ब्रूअर जिंकले. सलग दोनच मुदतींची मर्यादा असल्याने 2024 ला ते उभे राहू शकले नाहीत, आणि ती जागा स्टोरर यांना मिळाली. कोणत्याही पक्षात नाव नसलेल्या मतदारानेही मे महिन्याची मतपत्रिका बाजूला टाकू नये ती यासाठी: सिनेटरची निवड तिच्यावर असते. विषम क्रमांकाच्या जागा अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी येतात, त्यामुळे 43व्याची पुढची पाळी 2028.

मत नोंदवणं सोपं आहे: नावाशेजारचा लंबगोल काळ्या शाईने पूर्ण भरायचा. मोजणी यंत्रावर होते, म्हणून नुसती बरोबरची खूण किंवा फुली करू नका. मतं बाद होतात ती बहुतेक पाकिटामुळे. परतीच्या पाकिटावर मतदाराची सही लागते, आणि ती नोंदणीतल्या सहीशी ताडून पाहिली जाते. नवरा-बायको एकाच टेबलावर बसून मतपत्रिका भरतात, पाकिटं अदलाबदल होतात, आणि दोन्ही सह्या जुळत नाहीत. म्हणून आधी दोन्ही पाकिटांवरची छापील नावं वाचा, ज्याचं त्याच्यासमोर ठेवा, मगच पेन उचला. दुसरी गोष्ट ओळखीची. 2024 पासून फोटोचं ओळखपत्र सक्तीचं झालं आहे. अर्ज करून मतपत्रिका मागवणाऱ्याने ड्रायव्हिंग लायसन्सचा किंवा राज्याच्या ओळखपत्राचा क्रमांक अर्जावर लिहायचा. पूर्ण टपाली केंद्रातल्याने तो पाकिटावर लिहायचा. क्रमांक नसेल तर मान्य ओळखपत्राची छायाप्रत जोडायची. मुदत संपलेलं ओळखपत्र चालतं. आदिवासी जमातींनी दिलेलं फोटो ओळखपत्रही चालतं, आणि पाइन रिज राखीव प्रदेशाला लागून असलेल्या या भागात ते महत्त्वाचं आहे.

आता खरी उणीव. मतपत्रिका मतदान बंद होण्याच्या क्षणापर्यंत काउंटीच्या हातात पडावी लागते. टपालाचा शिक्का आदल्या दिवशीचा असला तरी उपयोग नाही. ग्रामीण पेटीत टाकलेलं पत्र पत्ता त्याच गावचा असला तरी आधी दूरच्या वर्गवारी केंद्रावर जाऊन मग परत येऊ शकतं. तेव्हा शेवटचा आठवडा लागला की टपाल विसरा. पाकीट क्लार्कच्या कचेरीत किंवा काउंटीने ठेवलेल्या कुलूपबंद पेटीत स्वतः टाका, किंवा गावात जाणाऱ्या विश्वासू माणसाबरोबर पाठवा. किती जणांची पाकिटं एका माणसाने न्यावीत यावर मर्यादा आहे, म्हणून एकाच शेजाऱ्याकडे साऱ्या वस्तीचा गठ्ठा देऊ नका.

याच जोडीला घड्याळाचा गुंता. चेरी काउंटीच्या मधूनच दोन कालविभागांची सीमा जाते. राज्यभर मतदान एकाच क्षणी बंद होतं: पूर्वेकडच्या सेंट्रल वेळेनुसार रात्री 8, पश्चिमेकडच्या माउंटन वेळेनुसार संध्याकाळी 7. पश्चिम भागातल्या माणसाने ‘8 पर्यंत’ हे शब्द ऐकले आणि आपल्या घड्याळाने निघाला, तर पाकीट तासभर उशिरा पोचतं आणि मत मोजलं जात नाही. सूचनापत्रकात दोन्ही वेळा दिलेल्या असतात, पण हा मुद्दा आणखी ठळक छापायला हवा.

पाकीट पोचलं की नाही हे राज्याच्या ‘व्होटरचेक’ या संकेतस्थळावर कळतं. पाकीट दिल्यावर दोन-तीन दिवसांनी बघा. नोंद दिसत नसेल तर वाट न पाहता क्लार्कला फोन करा. दिवस हाताशी असताना चूक दुरुस्त करून घेता येते.

नेब्रास्कात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. हा हक्क फक्त अमेरिकी नागरिकांचा आहे. ग्रीन कार्डवर असाल आणि लायसन्सच्या अर्जासोबत मतदार नोंदणीचा प्रश्न आला, तर स्पष्ट ‘नाही’ म्हणा. चुकून झालेली नोंदणी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात मोठी अडचण ठरू शकते.