तालाला एक, सुराला दुसरं

कॉम्प्युटरवर गिटार वाजवून देणारी ही दोन सॉफ्टवेअर. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं ‘स्ट्रम्ड अकूस्टिक’ कॉन्टॅक्टमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेले सूर वाजवणाऱ्या त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये चालतं. कॉर्ड धरा, पॅटर्न निवडा. खऱ्या वादकाचे स्ट्रोक गाण्याच्या टेम्पोत येतात. पाच मिनिटांत भावगीताखालचा ऱ्हिदम तयार! पण मधेच एखादा सुटा सूर छेडायचा म्हटलं, की हात टेकावे लागतात.

अँपल साउंडचं ‘अँपल गिटार एम’ याच्या उलट. मार्टिन डी-४१ या गिटारचा एकेक सूर रेकॉर्ड केलेला. स्लाइड, हॅमर-ऑन, पाम म्यूट अशा वाजवण्याच्या तऱ्हा सगळ्या की-स्विचवर, म्हणजे कीबोर्डची ठरावीक की दाबून बदलायच्या. कॉर्डचा ऱ्हिदम वाजवणारा स्ट्रमरही आहे, पण व्हेलॉसिटी (की किती जोरात दाबली ते) एकसारखी ठेवलीत तर पेटीवर गिटार वाजवल्यासारखं वाटतं. ती सुराप्रमाणे कमी-जास्त करत बसलात, तरच तार बोलते. हरकतींच्या चालींना मी हेच लावतो. ‘लाइट’ आवृत्ती फुकट आहे; आधी तीच वाजवून बघा.