फायबरच्या फोन लाइनवर फॅक्स मशीन: काही महिने वापरल्यानंतर

फायबरच्या लाइनवर फॅक्स चालतो का? चालतो, आणि रोजचं काम अडणार नाही इतका भरवशाने चालतो. पण वायर लावली आणि झालं, असं मात्र होत नाही. आमची तांब्याची जुनी लाइन बंद होऊन फायबर आलं तेव्हा नंबर तोच राहिला, बोलणं आधीपेक्षा स्वच्छ ऐकू येऊ लागलं आणि फॅक्सचं घोडं मात्र अडायला लागलं. पहिलं पान जायचं, दुसऱ्यावर एरर. येणारं पान कधी अर्ध्यावर थांबायचं. आमच्या कामात सही-शिक्क्याचे कागद अजून फॅक्सनेच येतात-जातात, त्यामुळे ‘ईमेल करा की’ या सल्ल्याचा काही उपयोग नव्हता.

मशीन जुनंच आहे, साधं लेझर फॅक्स, सुपर जी३ (फॅक्सचा वेगवान प्रकार) वालं. ते आधी फायबर मॉडेमच्या फोन पोर्टला थेट लावलं होतं, आता मध्ये वेगळा अ‍ॅडॉप्टर (एटीए, म्हणजे साधा फोन किंवा फॅक्स इंटरनेटच्या लाइनला जोडणारी छोटी पेटी) आहे. पुढचा सगळा अनुभव या जोडणीचा.

मूळ अडचण कळली की सेटिंगा आपोआप कळतात, म्हणून ती आधी सांगतो. डिजिटल लाइनवर आवाजाचे तुकडे (पॅकेट) करून पाठवतात, साधारण २० मिलिसेकंदांचा एक. एखादा तुकडा वाटेत हरवला तर पलीकडचं उपकरण आजूबाजूच्या आवाजावरून ती जागा भरून काढतं. आपल्या कानाला पत्ता लागत नाही. फॅक्समध्ये मात्र त्या २० मिलिसेकंदांत ९६०० च्या वेगाने (सेकंदाला ९६०० बिट) १९२ बिट असतात आणि ते अंदाजाने भरता येत नाहीत. वर आवाज चांगला लागावा म्हणून लाइनवर केलेल्या सोयी, म्हणजे शांतता असताना पाठवणं थांबवणं, प्रतिध्वनी काढणं, आवाज दाबून लहान करणं, या सगळ्या फॅक्सच्या मुळावर येतात. जी.७२९ सारखा कोडेक (आवाजाचे आकडे करण्याची पद्धत) आवाज सेकंदाला ८ किलोबिटमध्ये बसवतो. त्यातून माणसाचं बोलणं जातं, फॅक्सचा सूर जात नाही. फॅक्सला जी.७११ च लागतो, पूर्ण ६४ किलोबिटचा.

अ‍ॅडॉप्टरमध्ये आम्ही पहिलं काम हेच केलं. कोडेक फक्त जी.७११, सायलेन्स सप्रेशन (शांतता असताना पाठवणं थांबवणं) बंद, कॉल वेटिंग बंद (फॅक्स चालू असताना मध्येच तो बीप आला की पान गेलंच). जिटर बफर (मागे-पुढे येणारे तुकडे थोडा वेळ थांबवून एका लयीत सोडणारी जागा) ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ होता तो ‘फिक्स्ड’ केला. बोलताना हा बफर आपसूक लहान-मोठा झाला तर बिघडत नाही, पण फॅक्सच्या मध्यात त्याने उशीर बदलला की दोन्ही मशीनचा मेळ तुटतो. एवढ्यावर एक-दोन पानी फॅक्स सुरळीत जायला लागले. जास्त पानांचे अजून अडत होते.

खरा फरक वेगाने पडला. मशीन पेटीतून निघतं तेव्हा कमाल वेगावर असतं, सुपर जी३ म्हणजे ३३६००. तांब्याच्या चांगल्या लाइनवर हे छान. डिजिटल लाइनवर आम्ही ते सरळ ९६०० वर आणून बांधून टाकलं. अनेकांना हे पटत नाही, कारण मशीन स्वतःच वेग ठरवतं ना! ठरवतं, पण कसं ते पाहा. पान पाठवण्याआधी पाठवणारं मशीन दीड सेकंद नुसती शून्यं पाठवतं. पलीकडच्याला ती नीट मिळाली तर तो होकार देतो, नाहीतर वेग खाली येतो. तांब्याच्या तारेवर खरखर असली तर ती बहुधा सतत असते, त्यामुळे दीड सेकंदाची परीक्षा बऱ्यापैकी खरी ठरते. पॅकेटच्या लाइनवर नुकसान झटक्याझटक्याने होतं. परीक्षेच्या वेळी लाइन स्वच्छ असते, मशीन जोरात निघतं आणि पान मध्यावर असताना कोणीतरी मोठी फाइल अपलोड करायला घेतं. म्हणून इथे मशीनच्या निवडीवर सोडू नये. ९६०० ला साध्या मजकुराच्या पानाला अर्धा-एक मिनिट लागतं. लागू दे.

त्याच कारणाने राउटरमध्ये अ‍ॅडॉप्टरला सगळ्यात वरचं प्राधान्य दिलं. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि दुपारच्या गर्दीतले फॅक्स त्यानेच वाचले.

आता ईसीएम, म्हणजे चूक दुरुस्त करण्याची सोय. डिजिटल लाइनवर ईसीएम बंद करा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याला कारण आहे. ईसीएम चालू असताना पान छोट्या छोट्या चौकटींत जातं आणि बिघडलेल्या चौकटी पलीकडचं मशीन पुन्हा मागतं. लाइन वाईट असेल तर ही मागणी संपतच नाही आणि शेवटी कॉल तुटतो. बंद केलं की तेच पान निमूट जातं आणि रिपोर्टवर ‘ओके’ येतं. शिवाय ३३६०० च्या वेगाला ईसीएम सक्तीचं असल्यामुळे ते बंद करताच मशीन आपोआप १४४०० किंवा त्याखाली येतं, आणि निम्मा गुण तर त्याचाच असतो.

आम्ही काही आठवडे बंद ठेवून पाहिलं. फेल होणारे फॅक्स लक्षणीय कमी झाले. मग आमच्याकडे आलेलं एक पान हातात घेतलं तर मधल्या तक्त्यात एक ओळ चपटी झालेली. वरच्या ओळीतला आकडा आणि खालच्या ओळीतला आकडा एकमेकांत घुसलेले, ८ आहे की ३ आहे हे कळायला मार्ग नाही. आणि पाठवणाऱ्याकडच्या रिपोर्टवर ‘ओके’! माझं मत त्या पानाने पक्कं केलं. आकडे आणि सह्या असलेल्या कागदांसाठी अर्धवट पान यशस्वी म्हणून पोहोचण्यापेक्षा फॅक्स उघड फेल झालेला बरा, कारण तो पुन्हा तरी पाठवला जातो. ईसीएम आम्ही पुन्हा चालू केलं आणि वेग ९६०० वरच ठेवला.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे टी.३८. हे १९९८ पासूनचं प्रमाण आहे आणि खास याच दुखण्यावर काढलेलं आहे. यात अ‍ॅडॉप्टर फॅक्सचा सूर सूर म्हणून पाठवतच नाही. तो सुरांतले बिट काढून घेतो, डेटा म्हणून पाठवतो आणि प्रत्येक पॅकेटबरोबर आधीच्या पॅकेटची प्रत जोडतो. एखादं हरवलं तरी पुढच्यातून ते मिळतं. पलीकडचा गेटवे (इंटरनेट आणि फोन लाइन जोडणारं उपकरण) त्या बिटांचा पुन्हा सूर करून त्या मशीनला ऐकवतो. दोन्ही मशीनना आपण थेट बोलतोय असंच वाटतं.

आमच्या फोन कंपनीच्या कस्टमर केअरवर टी.३८ बद्दल विचारलं तर ‘आमची लाइन फॅक्सला सपोर्ट करते’ एवढंच ठरावीक उत्तर मिळत राहिलं. तांत्रिक विभागापर्यंत पोहोचायला बराच पाठपुरावा करावा लागला. तिथल्या माणसाने मात्र नीट ऐकून घेतलं आणि त्यांच्या बाजूला टी.३८ चालू करून दिलं. त्या दिवसापासून जास्त पानांचे फॅक्स जायला लागले. मॉडेमच्या स्वतःच्या फोन पोर्टमध्ये टी.३८ ची सेटिंग उघडतच नव्हती, त्यासाठीच हा वेगळा अ‍ॅडॉप्टर आला. तो घेतानाही फक्त ‘फॅक्स सपोर्ट’ एवढं वाचून घेऊ नका, टी.३८ लिहिलेलं आहे का ते पाहा.

टी.३८ ची मर्यादाही सांगायला हवी. कॉल एका कंपनीकडून दुसरीकडे जाताना मध्ये कुठेतरी टी.३८ न पाळणारा दुवा आला की सगळं पुन्हा जी.७११ वर येतं. म्हणून एक नंबर कायम लागतो आणि दुसरा कायम अडतो, असा प्रकार होतो. शिवाय जुन्या आवृत्तीचं टी.३८ १४४०० च्या वर जातच नाही. मशीन सुपर जी३ वर सोडलेलं असेल तर काही अ‍ॅडॉप्टरांशी त्याचं सुरुवातीलाच बिनसतं. ९६०० ची मर्यादा इथेही कामाला आली.

कॉल कुठे अडतोय हे ओळखायला मशीनचा स्पीकर चालू ठेवा. आधी पाठवणाऱ्याचा दर तीन सेकंदांनी येणारा छोटा बीप (११०० हर्ट्झ), मग पलीकडून लांब शिट्टी (२१०० हर्ट्झ), मग घोगरी कुरकुर (दोन्ही मशीन वेग ठरवताहेत), मग सलग खरखर म्हणजे पान चाललंय. शिट्टीच आली नाही तर दोष कॉल लागण्यात आहे. कुरकुर पुन्हा पुन्हा होत राहिली तर दोन मशीनचं वेगावर एकमत होत नाहीये. खरखर सुरू होऊन तुटली तर लाइनवर पॅकेट हरवताहेत. तक्रार नोंदवताना एवढं सांगितलं तरी समोरचा माणूस मुद्द्यावर येतो.

पान कसं आहे यावरही बरंच अवलंबून असतं. पांढऱ्यावर काळा मजकूर छान दाबला जातो, म्हणजे कमी बिटांत बसतो. राखाडी पट्टा, फिक्या रंगाचं लेटरहेड किंवा फोटो असेल तर ठिपक्यांची गर्दी होते, दाबणं जमत नाही आणि तेच पान कितीतरी पट वेळ घेतं. जितका वेळ जास्त, तितकी मध्ये काही बिघडण्याची शक्यता जास्त. आम्ही फॅक्ससाठी लेटरहेडची साधी काळी-पांढरी प्रत केली आहे. ‘फाइन’ (जास्त बारकाव्याची सेटिंग) फक्त बारीक अक्षर असेल तेव्हाच, कारण त्यात ओळी दुप्पट होतात.

दोन गोष्टी थोडक्यात. ऑफिसात डिजिटल ईपीएबीएक्स (ऑफिसातले फोन आपसात जोडणारी यंत्रणा) असेल तर त्याच्या डिजिटल एक्स्टेंशनच्या सॉकेटमध्ये फॅक्स लावू नका. चालणार तर नाहीच, मशीन खराबही होऊ शकतं. त्याला अ‍ॅनालॉग पोर्टच हवा. आणि जुन्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून यायची, आता मॉडेम, राउटर, अ‍ॅडॉप्टर यांपैकी एक जरी बंद पडलं तरी लाइन मेली. फॅक्स मशीनसकट सगळं एका यूपीएसवर घ्या.

आजची स्थिती अशी की नेहमीच्या नंबरांवरचे फॅक्स पहिल्या फटक्यात जातात आणि येणारे फॅक्स अडल्याची तक्रार क्वचितच येते. परदेशातला एक नंबर अजून त्रास देतो. त्याच्यासाठी स्पीड डायलमध्ये वेग ४८०० आणि ओव्हरसीज मोड (परदेशी कॉलसाठीची मशीनमधली सेटिंग) लावून ठेवला आहे. पानं हळू जातात, पण जातात. तीही अडली तर पलीकडच्यांना फोन करून त्यांच्या मशीनवरून आम्हाला पाठवायला सांगतो, कारण उलट दिशेने कॉल वेगळ्या मार्गाने येतो आणि बहुतेक वेळा लागतो.