शिकेकाई, पुडीचा शाम्पू की मेडिकलमधली बाटली: नागपूरच्या पाण्याला काय मानवते?

माझी भाची यवतमाळहून शिकायला नागपुरात आली, मानेवाड्याकडच्या एका वसतिगृहात राहू लागली आणि तीन महिन्यांच्या आत तिने फोनवर विचारले, "मावशी, घरी शिकेकाईच्या साबणाने केस छान राहायचे, इथे काथ्यासारखे का झाले?" तिला भेटायला गेले तेव्हा न्हाणीघरातल्या बादलीकडे माझे लक्ष गेले. निळ्या प्लास्टिकवर, काठाच्या जरा खाली, बोटभर रुंदीचा पांढरा खरखरीत पट्टा बसला होता आणि तो नखाने खरवडूनही निघत नव्हता. वसतिगृहाला बोअरवेलचे पाणी होते. केसांसाठी महिन्याला २०० रुपये बाजूला काढता येतील, त्यात काय घ्यावे, हा तिचा पुढचा प्रश्न. तशाच बेताने खर्च करणाऱ्यांसाठी ही तुलना लिहीत आहे.

महापालिकेच्या नळाला पेंच व कन्हानचे पाणी येते, पण शहराच्या कडेच्या वस्त्यांत अनेकांना बोअरवेलवर किंवा टँकरवर भागवावे लागते. बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात आणि साबण, मग तो शिकेकाईचा का असेना, त्यांच्याशी मिळून पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार करतो. हा साका केसांवर बसतो आणि कितीही पाणी ओतले तरी पुरता निघत नाही. त्यातच साबणाचा सामू (पीएच) साधारण ९ ते १० असतो आणि टाळूचा ५.५ च्या आसपास. साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात केसावरचे सूक्ष्म खवले उघडतात, केस एकमेकांत अडकतात व विंचरताना तुटतात. शाम्पूतली सोडियम लॉरेथ सल्फेटसारखी द्रव्ये जड पाण्यातही असा साका करत नाहीत. म्हणून बोअरवेलच्या पाण्यावर राहणाऱ्यांनी साबण, त्यावर कोणत्याही वनस्पतीचे नाव असले तरी, केसांना लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिकेकाईच्या शेंगांची गोष्ट वेगळी आहे. इतवारीच्या किराणा बाजारात शिकेकाई, रिठा, आवळकाठी व नागरमोथा सुटा मिळतो, आणि शिकेकाई-रिठ्यातल्या सॅपोनिनमुळे काढ्याला येणारा फेस साबणासारखा अल्कधर्मी नसतो. मात्र शेंगा रात्री भिजवणे, सकाळी उकळणे आणि फडक्यातून गाळणे इतका वेळ त्यासाठी हवा. नुसती पूड कालवून लावली तर तिचे कण भांगात अडकून राहतात, रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर चांगलेच झोंबते, आणि भरपूर तेल लावलेले केस या काढ्याने पुरते स्वच्छ होत नाहीत. घरी निवांत वेळ असणाऱ्यांना तो जरूर चालेल. वसतिगृहात, जिथे शेगडीच नाही, तिथे तो आग्रह धरण्यात अर्थ नाही.

शाम्पूत पुडी की बाटली, याचे उत्तर भागाकाराने मिळते. बाटलीवर प्रति मिलिलिटर दर छापलेला असतो. पुडीची किंमत तिच्यातल्या मिलिलिटरने भागून शेजारी ठेवली की पुष्कळदा पुडीच स्वस्त निघते. दोन रुपयांची पुडी आठवड्यातून दोनदा वापरली तर महिन्याचे १८ रुपयेसुद्धा होत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू व केसांच्या तेलावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बाटली घेताना जुना छापील दर देत नाही ना, हे पाहावे. पुड्यांचा कचरा मात्र मला सलतो, त्यामुळे दर जवळपास सारखा असेल तर मी बाटलीच घ्यायला सांगेन.

सर्वात जास्त पैसे वाया जातात ते तेलात. खोबरेलातल्या स्निग्धाम्लांपैकी जवळपास निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याचा रेणू लहान व सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल व मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून काढलेले तेल) यांची तुलना झाली आणि केसांतल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. तो अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीतल्याच संशोधकांचा होता हे ध्यानात ठेवावे, तरीही त्यामागचे कारण पटण्याजोगे आहे. याउलट बदाम, जास्वंद किंवा आवळ्याचे चित्र असलेली बाटली उलटून घटकांची यादी वाचावी. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. सुरुवातीलाच लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑइल असेल तर पैसे बदामाचे जातात आणि मिळते ते मुख्यतः केसांवर सरकणारे आवरण. ते अपायकारक नाही, गुंताही कमी करते, पण त्याने केस वाढत नाहीत. खाद्यतेल म्हणून विकले जाणारे साधे शुद्ध खोबरेल पुरते, तेही न्हाण्याआधी तासभर आणि केसांच्या लांबीला.

आता कंडिशनर. आपल्याकडे तो चैनीत धरला जातो, आणि माझ्या मते चूक नेमकी इथेच होते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ३० सेंटिमीटर लांब केसाचे टोक अडीच वर्षांचे असते, आणि नागपुरात त्याने पंचेचाळीस अंशांपर्यंत जाणारे किमान दोन उन्हाळे, स्कूटीवरचा वारा आणि घट्ट बांधलेला स्कार्फ सोसलेला असतो. हे टोक मृत असते, आतून दुरुस्त होत नाही. त्याचे घर्षण तेवढे कमी करता येते. कंडिशनरमधली धनभारित द्रव्ये झिजलेल्या भागाला चिकटून नेमके तेच करतात. टाळू सोडून कानाखालच्या केसांना लावून दोन मिनिटांनी धुवावा. २०० रुपयांत एकच बाटली बसत असेल तर ती कंडिशनरची घ्यावी आणि शाम्पू पुडीवर भागवावा.

कोंडा असेल तर हिशोब बदलतो. कोंड्याशी संबंधित मॅलासेझिया ही बुरशी टाळूवरच्या तेलावरच पोसली जाते, म्हणून रात्रभर तेल चोपडून ठेवण्याची आपली सवय तिथे उलटते. अशा वेळी सुगंधी कोंडानाशकांपेक्षा औषधाच्या दुकानातला २ टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू अधिक कामाचा: आठवड्यातून दोनदा, टाळूवर तीन ते पाच मिनिटे ठेवून, दोन ते चार आठवडे. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळू लागतात, तेही बहुधा आपोआप थांबते. पण टाळूवर चट्टे पडले किंवा भांग रुंदावत चालला तर तेले बदलत न बसता नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत दाखवावे.

भाचीने साबण बंद केला, पुडीचा शाम्पू आणि कंडिशनरची बाटली घेतली, खोबरेल घरूनच आणले. शेवटचे दोन तांबे पाणी ती आता पिण्याच्या फिल्टरचे घेते, आणि केस पुरते वाळल्याशिवाय हेल्मेट घालत नाही.