जुन्या डिझेल इंजिनवर गिअर रिडक्शन स्टार्टर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या स्टार्टरच्या जागी घेतलेली ही मोटर (आतल्या गिअरमुळे छोटी असूनही इंजिन फिरवणारी) चांगली आहे. पण खोक्यावरचं "थेट बसेल" हे निम्मंच खरं. फ्लँजची (स्टार्टर ज्या कडेने इंजिनला आवळतात तिची) तिन्ही भोकं जुळली, १२ व्होल्ट जुळले, फिरण्याची दिशा जुळली, पिनियनचे (स्टार्टरच्या टोकावरच्या छोट्या गिअरचे) १० दातेही जुळले. तरीही पहिले दोन महिने रिंग गिअरचं (फ्लायव्हीलच्या कडेवरच्या दातेरी चक्राचं) नुकसान होत राहिलं.

इंजिन चार सिलिंडरचं, कॉम्प्रेसरला जोडलेलं. मूळचा स्टार्टर बेन्डिक्स ड्राइव्हचा (मोटर फिरताच पिनियन आपोआप पुढे सरकणारा), जडशीळ.

लक्षणं अशी. सोलेनॉइडचा (पिनियन पुढे ढकलणाऱ्या विद्युतचुंबकाचा) ठोका स्वच्छ, पिनियन आत जातो, इंजिन फिरतं. मात्र फिरताना भसाडी घरघर, आणि अधूनमधून "ठण्ण" करून पिनियन दात्यावरून उडी मारतो. स्टार्टर उतरवला तर पिनियनच्या दात्यांवर घासल्याची चकाकी फक्त शेंड्याजवळ आणि एकाच कडेला. फ्लायव्हील हाऊसिंगच्या तळाला चुंबक फिरवला की लोखंडाचा बारीक किस मिशीसारखा चिकटून येतो. (मोटर सुसाट पळते पण फ्लायव्हील हलत नाही, हे लक्षण वेगळं. त्यात पिनियनचा एकाच दिशेने जोर देणारा क्लच उलट्या दिशेचा आहे का किंवा घसरतो का ते बघायचं.)

पिनियन आणि रिंग यांचे दाते एकाच मापाचे आहेत का, हे बघायला बहुतेक जण पिनियनला व्हर्निअर लावतात आणि फसतात. (मॉड्यूल हे दात्यांच्या आकाराचं मिलिमीटरमधलं माप, डायमेट्रल पिच इंचांतलं.) १० दात्यांच्या ३ मॉड्यूल पिनियनचा बाहेरचा व्यास ३६ मिमी, तर ८/१० डायमेट्रल पिचच्या तेवढ्याच दात्यांच्या पिनियनचा सुमारे ३६.८. त्यात स्टार्टरच्या पिनियनचे दाते मुद्दाम थोडे उंच कापलेले असतात, त्यामुळे पाऊण मिलिमीटरवरून काहीच ठरत नाही. मोजायची ती रिंग. या इंजिनच्या रिंगला १३२ दाते. एका दात्याच्या टोकाच्या मध्यापासून, तो दाता सोडून मोजलेल्या दहाव्या दात्याच्या टोकाच्या मध्यापर्यंत सरळ पट्टी धरली तर १०० मिमी भरलं. तेवढ्याच दात्यांची रिंग ३ मॉड्यूलची असती तर ते अंतर ९५च्या आत राहिलं असतं. म्हणजे रिंग ८/१०ची, आणि आलेला पिनियन ३ मॉड्यूलचा. दर दात्यामागे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक. एका वेळी एक-दीड दाताच भार घेत असल्यामुळे हे लंगडत का होईना चालतं, आणि म्हणूनच चूक लवकर कळत नाही.

दुसरी गडबड स्पिगॉटची, म्हणजे हाऊसिंगच्या भोकात बसणाऱ्या स्टार्टरच्या गोल उंचवट्याची. हाऊसिंगचं भोक ९२ मिमी, स्टार्टरचा स्पिगॉट ८९. बोल्ट आवळले की सगळं ठाम वाटतं, पण मोटर केंद्रापासून दीड मिमीपर्यंत कुठेही बसू शकते. फ्लँजवर बसणाऱ्या स्टार्टरमध्ये पिनियन आणि रिंग यांच्यातलं अंतर स्पिगॉट ठरवतो, बोल्ट नव्हे. फ्लँजखाली शिम (पातळ चकती) घालून बॅकलॅश (दात्यांमधली मोकळी फट) सुधारेल ही समजूत चुकीची आहे. शिमने पिनियन फक्त पुढे-मागे सरकतो.

इथे पिनियन मागेही सरकवावा लागलाच. बंद स्थितीत पिनियनचं तोंड रिंगच्या कडेपासून साधारण ३ मिमी लांब हवं, इथे जेमतेम १ होतं. चालत्या इंजिनच्या थरथरीत ते घासणारच.

उपाय एकाच तुकड्यात झाला. लेथवर स्टीलचा कॉलरवाला बुश (पोकळ गोल तुकडा) काढला: बाहेरून ९२, आतून ८९, कॉलर २ मिमी जाड. हाताने दाबून सरकेल इतपत घट्ट. कॉलरने ३ मिमीचं अंतर मिळालं, बुशने केंद्र. ड्राइव्ह असेंब्ली (पिनियन आणि क्लचचा जोड) ८/१०च्या पिनियनची बसवली. ती घेताना स्प्लाइन्स (शाफ्टवर बसणाऱ्या लांबट खाचा) आणि क्लचची दिशा जुन्या नगाशेजारी ठेवून पाहावी. मग सोलेनॉइडने पिनियन बाहेर ढकलून बॅकलॅश रिंगवर चार ठिकाणी तपासला. ०.५ ते ०.८ मिमीमध्ये भरला तर ठीक. पिनियनने रिंगच्या रुंदीचा निदान दोन-तृतीयांश भाग धरला पाहिजे, हेही त्याच वेळी बघून घ्यायचं.

वायरिंगबद्दल खोक्यात चकार शब्द नाही. जुन्या स्टार्टरला रिले बाहेर असतो. तीच जाड वायर तशीच ठेवून नव्या सोलेनॉइडचं छोटं टर्मिनल मोठ्याला पत्तीने जोडलं, तर कायम-चुंबकाच्या मोटरमध्ये भलताच घोळ होतो. बटण सोडल्यावर फिरती मोटर स्वतःच वीज निर्माण करते, ती सोलेनॉइडला धरून ठेवते आणि पिनियन उशिरा सुटतो. बॅटरीची जाड वायर थेट स्टार्टरच्या मोठ्या टर्मिनलवर आणावी, जुन्या रिलेकडून फक्त छोट्या टर्मिनलला वीज द्यावी. अर्थिंगकडे दुर्लक्ष नको. इंजिन फिरवताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि स्टार्टरची बॉडी यांत मीटर लावला तर १.४ व्होल्ट पडत होते; अर्ध्या व्होल्टच्या वर चालत नाही. फ्लँजच्या बैठकीवरचा रंग खरवडल्यावर ०.२ राहिले.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत आवाज नाही, चुंबकाला नवा किस नाही, गार इंजिनही जुन्या स्टार्टरपेक्षा जलद फिरतं. तक्रार एकच: पुढचा भाग उघडा असल्याने धूळ शाफ्टवर बसते. तिथे ग्रीस चोपडलं की त्याचा लगदा होऊन पिनियन अडकतो, पातळ तेलाचे दोन थेंब पुरे. एका दमात १० सेकंदांहून जास्त फिरवू नये. मोटर आटोपशीर आहे, उष्णता लवकर साठते.

पाचपैकी मोटरला चार, विक्रेत्याच्या जुळणी-यादीला एक.

रिंगवर टवके उडालेल्या दोन जागा आहेत, समोरासमोर. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे याच दोन ठिकाणी थांबतं. पुढच्या ओव्हरहॉलला रिंग सगळीकडे एकसारखी तापवून, २०० अंश सेल्सिअसच्या आसपास, पाव फेरा (९० अंश) फिरवून बसवली की चांगले दाते कामाला येतील. उतरवण्याआधी दात्यांचा उतार कोणत्या बाजूला आहे ते खडूने खूण करून ठेवायचं. उलटी बसली तर पिनियन प्रत्येक वेळी सपाट कडेवर आपटेल.