अकरा महिने, सहा गाणी: स्वतःचं संगीत स्वतः विकण्याचा अनुभव

गेल्या गुढीपाडव्याला मी माझी सहा मराठी गाणी स्वतःच प्रकाशित केली. चार गाण्यांचे शब्द माझ्या मैत्रिणीचे, दोन तुकोबांचे अभंग. चाली आणि आवाज माझा. कोथरूडला घरी गाण्याचे वर्ग घेते, त्यातून साठवलेले ९२ हजार रुपये रेकॉर्डिंगला लागले. मागे कुठली कंपनी नाही की मॅनेजर नाही. "ताई, गाणं टाकायचं कसं आणि त्यातून मिळतं काय?" हे आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, म्हणून अकरा महिन्यांत जे वापरलं त्याबद्दल सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात डिस्ट्रिब्युटरपासून. स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, जिओसावन यांवर आपण गाणं थेट चढवू शकत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आपली गाणी या अ‍ॅप्सपर्यंत पोचवणारी कंपनी, लागतो. कुणी वर्षाची वर्गणी घेतं, कुणी प्रत्येक गाण्याचे किंवा अल्बमचे एकदाच पैसे घेतं, कुणी आधी काहीच न घेता कमाईतला हिस्सा कापतं. मी स्वस्त दिसली म्हणून वर्गणी घेतली. दोन महिन्यांनी नियम नीट वाचले तेव्हा कळलं, की वर्गणी थांबली की गाणी खाली उतरणार, आणि ती कायम ठेवायची तर दर गाण्यामागे वेगळे पैसे. दर महिन्याला नवीन ट्रॅक काढणाऱ्याला वर्गणी परवडते. माझ्यासारखीला, जिचं पुढचं काम कदाचित दोन वर्षांनी येईल, तिला एकदाच पैसे भरायची सोय बरी, मग थोडा हिस्सा गेला तरी चालेल.

याच डिस्ट्रिब्युटरनं माझी पहिली दोन गाणी माझ्याच नावाच्या दुसऱ्या एका गायिकेच्या पानावर टाकली. ती भक्तिगीतं गाते, तिच्या श्रोत्यांना माझी गाणी आणि माझ्या ओळखीच्यांना तिचा फोटो! तक्रारीला यंत्राची ठरावीक उत्तरं येत राहिली. सुधारायला सतरा दिवस गेले आणि नव्या गाण्याकडे लोक वळतात ते दिवस नेमके तेच. तुमचं नाव-आडनाव सर्रास आढळणारं असेल तर पहिल्या गाण्याआधीच कलाकार म्हणून वापरायचं नाव शोधून बघा. मधलं नाव जोडा, काहीही करा, पण वेगळं ठेवा.

फॉर्म भरताना घाई करू नका. भाषेच्या रकान्यात मराठी आहे, तीच निवडा. गीतकार, संगीतकार यांची पूर्ण नावं द्या. शीर्षक रोमन लिपीत लिहिताना 'आ'साठी एक ए की दोन, हे एकदा ठरवून सगळीकडे तसंच ठेवा, नाहीतर शोधणाऱ्याला गाणं सापडत नाही. प्रकाशनाची तारीख निदान तीन-चार आठवडे पुढची घ्या. स्पॉटिफायच्या, प्लेलिस्ट बनवणाऱ्या संपादकांकडे गाणं सुचवता येतं ते प्रकाशनाआधीच, आणि किमान सात दिवस आधी सुचवलं तर ते तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या यादीत, जातं. पाडव्याचा मुहूर्त साधायचा म्हणून मी चार दिवस आधी गाणी पाठवली आणि ही संधी घालवली.

आता पैसे. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नसतील, म्हणजे ते अ‍ॅपवर तेवढ्या वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्या गाण्याचे रेकॉर्डिंगचे पैसे मिळत नाहीत. माझ्या सहापैकी दोनच गाणी हा आकडा ओलांडून गेली. सगळ्या अ‍ॅप्सचे मिळून अकरा महिन्यांत ७४० रुपये जमा झाले. हा आकडा लपवावा असं मला वाटत नाही, कारण तो माहीत असेल तरच माणूस पुढचा हिशोब नीट मांडेल. एका कंपनीनं मला "महिन्यात पन्नास हजार स्ट्रीम, हमी आमची" असा मेसेज पाठवला होता. अशा वाटेला अजिबात जाऊ नका. खोट्या स्ट्रीमचा संशय आला की ते मोजणीतून वगळले जातात, स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरकडून दर गाण्यामागे दंड घेतं, आणि डिस्ट्रिब्युटर तो आपल्या माथी मारू शकतो किंवा गाणंच उतरवतो.

यूट्यूबवर वेगळाच धडा मिळाला. एका अभंगाच्या सुरुवातीच्या आलापाखाली मी तयार सॅम्पलमधला तानपुरा वापरला होता. तोच आवाज आणखी कुणीतरी वापरून स्वतःच्या नावे नोंदवलेला, त्यामुळे कंटेंट आयडीत, म्हणजे कुणाचा आवाज कुणी वापरला हे तपासणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत, माझ्या व्हिडिओवर त्यांचा हक्क लागला. मी हरकत नोंदवली. दावेदाराला उत्तराला ३० दिवस असतात, तेवढे सगळे त्यांनी घेतले आणि मग दावा आपोआप सुटला. घरात मिरजेचा तानपुरा असताना मी सॅम्पल का वापरलं, याचं मला मनापासून वाईट वाटलं. पुढच्या सगळ्या रेकॉर्डिंगला तोच तानपुरा लावते आहे. अभंगांबद्दलही लोक विचारतात. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी शब्द सर्वांसाठी खुले होतात, त्यामुळे तुकोबांच्या शब्दांना कुणाची परवानगी लागत नाही. पण अलीकडच्या संगीतकारानं बांधलेली चाल वापराल तर लागते.

इन्स्टाग्रामबद्दल थोडंच. नटून-थटून केलेल्या रील्सपेक्षा सकाळच्या रियाजाचा, एकाच ओळीच्या तीन वेगवेगळ्या जागा दाखवणारा तुकडा कितीतरी जास्त लोकांनी पाहिला. तिथून पैसे आले नाहीत, गाण्याच्या बैठकीला माणसं मात्र आली.

बँडकॅम्प, म्हणजे श्रोत्यांना थेट गाणी विकायची वेबसाइट, मला मनापासून आवडलं. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात, किंमत आपण ठरवायची, आणि घेणाऱ्याला वाटलं तर तो जास्तही देऊ शकतो. माझ्या १९ खरेदीदारांपैकी अकरा जणांनी जास्त दिले. शिवाय ज्यानं परवानगी दिली त्याचा ईमेल आपल्याला मिळतो. स्ट्रीमिंग अ‍ॅप कुठल्या शहरात किती जणांनी ऐकलं ते सांगतं, पण ऐकणारं माणूस कोण, ते कधीच सांगत नाही. अडचण एकच. पैसे पेपॅल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेवरून येतात आणि पेपॅलनं १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले आहेत. म्हणून बँडकॅम्प मी परदेशातल्या मराठी माणसांसाठी ठेवलं, आणि इथल्यांसाठी साधा यूपीआय: पैसे आले की व्हॉट्सअ‍ॅपवर गाण्यांची लिंक.

खरी विक्री झाली ती बैठकींमध्ये. लहानपणी बाबांबरोबर कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसमध्ये कॅसेट घ्यायला जायचे. घरी येईपर्यंत आतला कागद वाचून पाठ झालेला असायचा: राग कुठला, ताल कुठला, तबल्यावर कोण, पेटीवर कोण. अ‍ॅपवर माझ्या तबलावादकाचं नाव शोधायला तीन ठिकाणी बोट लावावं लागतं. तेव्हा मी सोळा पानांची एक पुस्तिका छापून घेतली. त्यात सहाही गाण्यांचे शब्द, चालींमागचे राग, साथीदारांची नावं, प्रत्येक चाल कशी सुचली त्याच्या चार ओळी, आणि शेवटच्या पानावर गाणी उतरवून घेण्याचा क्यूआर कोड. किंमत २५० रुपये.

पहिली बैठक एरंडवण्यात एका ओळखीच्यांच्या गच्चीवर झाली, पस्तीसेक माणसं होती. गाणं संपल्यावर एक आजोबा पुढे आले. म्हणाले, "अहो ताई, ते मोबाइलवर कुठं शोधायचं ते मला जमायचं नाही. हातात काय देता?" मी पुस्तिका दिली. त्यांनी उभ्या उभ्या पहिलं गाणं वाचून काढलं, दोन प्रती घेतल्या, आणि "गाडीत लावायला पेनड्राइव्ह असता तर बरं झालं असतं" असं सांगून गेले. पुढच्या बैठकीआधी तपकीर गल्लीतून वीस पेनड्राइव्ह आणले. सगळे गेले, आणि घेणारे बहुतेक साठीच्या पुढचे. तीन बैठकींत मिळून ६१ पुस्तिका विकल्या गेल्या, म्हणजे १५,२५० रुपये. छपाई वजा करूनही अकरा महिन्यांच्या स्ट्रीमिंगच्या कितीतरी पट. रेकॉर्डिंगचा खर्च अजून भरून निघालेला नाही, पण तो निघेल तर याच वाटेनं, याबद्दल मला आता शंका नाही.

बैठकीत एक गोष्ट आवर्जून करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. मी नुसतेच नंबर लिहून घेत राहिले आणि पहिले दोन मेसेज बहुतेकांना गेलेच नाहीत. आता मध्यंतरात सगळ्यांना माझा नंबर तिथल्या तिथे सेव्ह करायला सांगते. २५६ जणांची मर्यादा आहे, माझी यादी सध्या १४३ ची आहे. पुढची बैठक ठरली की पहिला मेसेज या यादीला जातो.

एक काम मी उशिरा केलं. डिस्ट्रिब्युटरकडून येणारे पैसे रेकॉर्डिंगचे असतात. गीतकार आणि संगीतकार म्हणून असलेला हक्क वेगळा, त्याची वसुली आयपीआरएस ही संस्था करते. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा असा पक्का केला, की करारात लिहून दिला तरी तो निर्मात्याच्या किंवा कंपनीच्या नावे होत नाही. माझी मैत्रीण आणि मी आता सभासद झालो आहोत आणि गाणी नोंदवली आहेत. तिथून अजून काही आलेलं नाही. नोंदणी गाणी बाहेर येण्याआधी झाली असती तर बरं, एवढं मात्र नक्की. साथीदारांशीही आधीच कागदावर ठरवा. आमच्या तबलावादकांनी एकरकमी मानधन घेतलं, पेटीवाल्या दादांनी मानधन कमी घेऊन विक्रीत हिस्सा मागितला. दोन्ही एका पानावर लिहून सह्या केल्या, आणि पैशावरून आमच्यात आजवर एक शब्द झालेला नाही.

येत्या पाडव्याला सहा गाणी एकदम काढणार नाही, दोनच काढते आहे. तारीख पाच आठवडे आधी दिली आहे, तानपुरा घरचा आहे आणि पुस्तिकेतली अक्षरं आजोबांना चष्म्याशिवाय वाचता यावीत एवढी मोठी करायला प्रेसवाल्यांना सांगितलं आहे.